सहा कोपऱ्यांचा करडा हिरा

पुणे
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामू,

सलाम. या पाकिटात एक पुडी आहे आणि पुडीबरोबर ही चिठ्ठी. लेखी असल्याशिवाय तुम्ही कुणाचा खडा हातात घेत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मोबाइलवर लिहून पाठवलं तर म्हणाल, ‘ते लेखी नव्हे, ती हवा.’ तेव्हा घ्या, शाईने लिहिते: हिरा एक, करडा, सहा कोपऱ्यांचा, वजन बेचाळीस सेंट. पाठवणार सबिना मुल्लाणी, घेणार मामू.

एप्रिलमध्ये शोरूमची नोकरी सोडली तेव्हा तुम्ही बोलला नाहीत, पण अम्मी अजून बोलते आहे. आजवर तुमच्याकडे साधेच खडे पाठवले, पण आता मी फक्त असल्याच खड्यांचे दागिने करते. आत काळे-पांढरे ठिपके असलेले हिरे. यांना सॉल्ट अँड पेपर म्हणतात, म्हणजे मीठमिरी. सध्या यांना फार मागणी आहे.

ही अंगठी कोल्हापुरात जायची आहे. माझी मैत्रीण राजनंदिनी चौगले, तिच्या घरी २२ डिसेंबरला लग्न आहे. राजारामपुरीत आत्ताच बोभाटा नको म्हणून नवरीबद्दल सध्या काही विचारू नका. पण आपल्या गावातलं माझं हे पहिलं काम आहे. तिथे नाव झालं तर झालं, गेलं तर गेलं.

इथल्या वर्कशॉपने असले दोन खडे बसवताना फोडले. ठिपक्यांमुळे ते कुठेतरी नाजूक असतात आणि इथले लोक सगळीकडून सारखेच दाबतात. म्हणून हा तुमच्याकडे. कोंदण तुमच्या हाताचं हवं, मागून उघडं, म्हणजे उजेड आरपार जाईल. सोनं तुमच्या मदतीला असलेल्या वसीमभाईकडे पोचतं केलंय.

मामीला सलाम.

तुमची,
सबिना


मंगळवार पेठ, कोल्हापूर
८ नोव्हेंबर २०२५

चि. सबिना,

मामूची दुवा. मामीचीही. ती शेजारी मेथी निवडत बसली आहे आणि मी काय लिहितो ते वाकून वाचते आहे.

पुडी मिळाली. खडा तोलला, बेचाळीस सेंट बरोबर. पण पोरी, हे काय पाठवलंस? भिंगाखाली धरला तर आत धुरळा. काळे ठिपके, पांढरे ठिपके, मधेच ढग. मामीला दाखवला. ती म्हणाली, “तांदळात घावला असता तर कोंबडीला टाकला असता की!” मीठमिरी म्हणे. अगं, मीठमिरी काकडीवर घालतात. आपण तर तीही घालत नाही, आपण कांदालसूण चटणी घालतो.

स्पष्ट सांगतो, तुला कुणीतरी फसवलंय. शोरूममध्ये तयार दागिने विकणं वेगळं आणि कच्चा खडा पारखणं वेगळं. आमचे आजोबा संस्थानच्या काळात तलवारींना धार लावायचे, म्हणून आपण शिकलगार. मी हत्यारं सोडून खड्यांकडे आलो. अठ्ठेचाळीस वर्षं गुजरीच्या सराफ बाजारात, शेठजींच्या दुकानात बसून लोकांच्या दागिन्यांत खडे बसवले. खडा बसवणाऱ्याच्या हाती गिऱ्हाईक आपलं सगळं उघडं करून देतं. चांगला काढून हलका घालणारेही या धंद्यात झाले. पण ‘गौसनं खडा बदलला’ असं माझ्या पाठीमागेसुद्धा कुणी बोललेलं नाही. यापेक्षा मोठी कमाई माझ्याकडे नाही.

आणि लग्नाच्या अंगठीत डाग? उद्या सासरची चार माणसं बोट धरून बघणार. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं म्हणतील. तुझंच नाव जाईल. परत पाठवू का? विचार करून लिही.

मामू


पुणे
१३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामू,

परत पाठवू नका. मला कुणी फसवलेलं नाही. मीच शंभर खड्यांतून हा निवडून आणला.

तुमच्या वेळी स्वच्छ हिरा विरळा होता, म्हणून त्याला मान होता. आता लॅबमध्ये हिरे पिकवतात, अगदी खरे, आत एक ठिपका नाही, आणि सगळे एकसारखे. लग्नाला जावं तर पाच बायकांच्या हातात एकच अंगठी. म्हणून लोक उलटे फिरलेत. त्यांना असा खडा हवा आहे जो दुसरीकडे कुठे मिळणार नाही. पूर्वी हे हिरे कुटून पूड करायला जायचे, घासायच्या चाकांवर लावायला. आता मुली माझ्याकडे येतात, खडे पांढऱ्या कागदावर मांडून घेतात आणि तासभर बघत बसतात. कुणाला आत पाऊस दिसतो, कुणाला नुसताच धूर. कुणी पतंगाच्या आकाराचा घेतं, कुणी खालून सपाट आणि वरून पैलूंचा. वर चकचकीत पॉलिशसुद्धा नको म्हणतात, सोनं जरा खरबरीतच ठेवा म्हणतात.

तुमचा हा सहा कोपऱ्यांचा खडाही नवरीने असाच निवडला. बारा खड्यांतून, स्वतः. तेव्हा डाग झाकू नका, मागे चांदीचा वर्ख देऊन उजळवू नका. जसा आहे तसा बसवा.

आणि मामू, मला खडा कळतो. तुमच्याच मांडीवर बसून शिकले आहे.

सबिना


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२९ नोव्हेंबर २०२५

चि. सबिना,

अंगठी झाली. वसीम काल स्वतः राजारामपुरीत चौगल्यांच्या घरी देऊन आला. घरात क्लासची पोरं होती, म्हणून डबी न उघडताच दिली. सोनं चोख, काम चोख.

तू काळजी करू नकोस. तुझं नाव खाली जाणार नाही, याची तजवीज मी केली आहे.

मामीला खोकला आहे. बाकी ठीक.

मामू


पुणे
२ डिसेंबर २०२५

प्रिय मामू,

काल फोन आला. राजनंदिनीचा नव्हे, तिच्या आईचा. आता तुम्हाला सांगायलाच हवं, म्हणजे मी आधीच सांगायला हवं होतं. नवरी राजनंदिनी नाही. तिची आई शालनकाकू आहेत. वय त्रेपन्न. राजारामपुरीत गणिताचे क्लास घेतात. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली. आता पेठ वडगावच्या हंबीरराव मान्यांशी नोंदणी लग्न करताहेत आणि ते लेकीने पुढाकार घेऊन जमवलं आहे. लोक काय बोलतील म्हणून तारखेपर्यंत गप्प राहायचं ठरलं होतं.

ऑक्टोबरमध्ये त्या माझ्याकडे आल्या होत्या. मी बारा खडे मांडले. त्यांनी हा करडा उचलला, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि खडा कानाजवळ, केसांपाशी धरला. त्यांनी केस काळे करणं यंदाच सोडलंय. मोठ्याने हसून म्हणाल्या, “ह्यो माझ्यागत हाय. ह्योच दे.”

आणि काल त्यांनी डबी उघडली तर आत गोल, पांढरा, आरशासारखा स्वच्छ हिरा. मला म्हणाल्या, “सबिना, काम झ्याक हाय, पर ह्यो माझा न्हाय. तुझ्या मामूला इचार, माझा खडा कुठं गेला?” त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पण मामू, गुजरीत ‘खडा बदलला’ हे दोन शब्द एका दिवसात फिरतील, हे मी तुम्हाला सांगायला नको.

रात्रभर मी स्वतःलाच समजावते आहे की वसीमभाईच्या हातून डब्यांची अदलाबदल झाली असेल. मी आरोप करत नाही. विचारते आहे. तो खडा कुठे आहे?

सबिना


मंगळवार पेठ, कोल्हापूर
७ डिसेंबर २०२५

चि. सबिना,

वसीमची काही चूक नाही. खडा मी बदलला.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आधी तुझ्यावर रागावलो. चांगला घालून वर जाब द्यायचा? मामीला म्हणालो, “हलका काढून भारी दिला, त्यात माझं काय चुकलं?” ती म्हणाली, “भारी घातला म्हणून काय झालं? दुसऱ्याचा काढलासाच की. न इचारता काढला. त्याला काय म्हणत्यात ते तुम्हीच मला चाळीस वर्सं सांगत आलाय.” मग मी कागद पुढे ओढला.

तो पांढरा खडा माझा आहे. दुकान सोडलं तेव्हा शेठजींनी दिला होता, चाळीस सेंटचा, पाण्यासारखा. ‘गौस, तुझ्या हातून हजारो गेले, एक तुझा राहू दे,’ म्हणाले होते. मी तो तुझ्या निकाहसाठी ठेवला होता, हे फक्त मामीला माहीत होतं. तुझं गावातलं पहिलं काम, त्यात डागाळलेला खडा, लोक हसणार. माझ्या डोळ्यांपुढे एवढंच आलं. वाटलं, चौगल्यांच्या घरी खूश होतील आणि तुला नंतर कधीतरी सांगू. तुझं पत्र मी वाचलं, पण मानलं नाही. तुला खडा कळतो हे मला खरं वाटलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तुझा खडा कुठेही गेलेला नाही. तुझ्याच पहिल्या चिठ्ठीत गुंडाळून माझ्या डब्यात आहे.

काल चिठ्ठीसकट तो घेऊन राजारामपुरीत गेलतो. शालनबाईंचा क्लास सुटत होता. पायऱ्यांवर पोरांच्या चपलांचा ढीग, मी बाजूला उभा राहिलो. बाई बाहेर आल्या. केस खरोखरच अर्धे पांढरे, आणि काय ऐट! मला बघून म्हणाल्या, “कोन पावणं?” मी म्हणालो, “मी गौस शिकलगार. सबिनाचा मामू. तुमचा खडा मी बदलला.” उभ्या उभ्याच बोललो, बसून बोलायचं धाडस झालं नसतं.

त्यांनी आत बोलावलं, चहा टाकला. मग म्हणाल्या, “का बदलला?”

“डाग होता, बाई. लग्नाच्या अंगठीत डाग बरा दिसंना.”

“चाचा, चौदा वर्सं मी दर पंधरा दिवसांनी केस काळं केलं. का? तर बिन नवऱ्याची बाई म्हातारी दिसली तर पालक पोरं घालायची न्हाईत, असं समदी म्हनायची. आवंदा सोडलं. लगीन ठरलं तशी तीच माणसं परत म्हनाय लागली, आता तरी काळं करा, नवरी दिसाय पायजे. म्या म्हटलं, न्हाय करत जावा! हंबीररावांनी मला अशीच बघितलीया.” मग डबी माझ्यापुढे सारली. “आन् तुम्ही मला न इचारता परत कलप लावलासा.”

सबिना, पन्नास वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं. मग खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “तुमच्यासमोर वजन करून घ्या.” त्या म्हणाल्या, “वजन नगं. बसवून द्या. पर माझ्या डोळ्यांदेखत.”

पुडी आणि डबी घेऊन परत आल्यावर खडा भिंगाखाली धरला आणि या वेळी नीट बघितला. पहिल्यांदा मी फक्त डाग बघितले होते. आता अर्धा तास बघितला. खालच्या अंगाला काळे ठिपके दाट आहेत आणि वर येतील तसे विरत जातात, चुलीवरच्या धुरागत. आणि एका कोपऱ्याशी बारीक चीर आहे, थेट कडेपर्यंत आलेली. तुझे पुण्याचे लोक असल्याच जागी दाबत असणार. ते चिरेवरच खडा धरणारी सोन्याची नखी दाबतात आणि मग खडा नाजूक म्हणून ओरडतात. खडा नाजूक नाही, त्यांचे डोळे आंधळे आहेत. माझेही होतेच.

पुढच्या रविवारी शालनबाई इथे येणार आहेत. माझा हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही, हे तुला लिहून ठेवतो. फुटला तर मी फोडला, लेखी आहे.

तुझा गुन्हेगार,
मामू


पुणे
१० डिसेंबर २०२५

प्रिय मामू,

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग हसले. मग पुन्हा ‘तुझा गुन्हेगार’पाशी आले आणि रडले.

गुन्हा माझाही आहे, तो सांगून टाकते. प्रत्येक दागिन्याबरोबर मी एक कार्ड देते. खडा कुठला, वजन किती, कुणी घडवला. तुम्ही यंदा मला सात दागिने करून दिलेत. सातही कार्डांवर मी छापलं, ‘घडण: आमचा स्टुडिओ.’ मंगळवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराचं नाव वाचून पुण्याचं गिऱ्हाईक नाक मुरडेल, असं मला वाटलं. डाग दाखवायचा म्हणून गावभर सांगत फिरते आणि आपल्या माणसाला मात्र मीच झाकून ठेवलं. मला लाज वाटते.

तुमचा पांढरा खडा जपून ठेवा. पण माझ्या निकाहसाठी नको, मामू. मला करडाच हवा.

फुटला तर फुटू दे. तुमच्या हातून फुटला तर शालनकाकूंना मी तोंड देईन. पण तो फुटणार नाही.

सोबत एक बंद पाकीट आहे. ते लग्नाच्या दिवशी हंबीररावांना द्या. आधी उघडू नका.

सबिना


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२६ डिसेंबर २०२५

चि. सबिना,

खडा बसला. सगळं क्रमाने सांगतो, मामी घाई करते आहे पण मी क्रमानेच सांगणार.

रविवारी दहाला शालनबाई आल्या. खुर्ची दिली तर घेतली नाही, माझ्यासमोर पाटावरच बसल्या. मी अंगठी लाखेवर घट्ट बसवली. नवं कोंदण केलं होतं, मागून उघडं, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. खड्याला कोपरे सहा. मी नख्या केल्या पाच. सहावा कोपरा, जिथे चीर आहे, तो मोकळा सोडला आणि त्याचा भार शेजारच्या दोघींवर दिला. बाईंना आधी दाखवलं. म्हटलं, “हितं त्याला हात लावायचा न्हाय. बाकी पाच जागी कसाबी धरा, तो रागवत न्हाय.” बाई म्हणाल्या, “पाच म्हंजे कसं दिसंल?” मग स्वतःच म्हणाल्या, “असू दे. खरं हाय तेवढंच धरा.”

पहिली नखी दाबायला दोनदा हत्यार टेकवलं आणि दोनदा उचललं. खरं सांगतो, कपाळाचा घाम भिंगावर पडला. मामीने मागून नुसता खांद्यावर हात ठेवला. दुसरी, तिसरी, चौथी दाबताना हात आपोआप जुना झाला. पाचवी दाबली आणि कान देऊन ऐकलं. तडकल्याचा आवाज मला या वयातही ऐकू येतो, फोनचा नाही आला तरी. काही आवाज आला नाही. मी भिंग खाली ठेवलं आणि मामी म्हणाली, “श्वास घ्या आता.”

अंगठी बाईंच्या तळहातावर ठेवली. पोरी, त्यांनी काय केलं असेल? आधी उलटी केली. पाठ बघितली. अठ्ठेचाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने माझ्या कामाची पाठ बघितलेली नाही. बंद कोंदणात तिथे काय असतं ते बसवणाऱ्यालाच माहीत. मी मात्र दर वेळी पाठही पुढच्यासारखीच घासत आलो, शेठजी हसायचे. बाई खिडकीशी गेल्या, पाठीकडून उजेड धरला आणि म्हणाल्या, “मागनं बी एवढं साफ?” मी म्हटलं, “व्हय.” आनंदाने छाती भरून आली होती.

२२ तारखेला नोंदणी कचेरीत मी आणि मामी दोघेही गेलो. साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, दोघांनी सह्या केल्या. राजनंदिनी आईपेक्षा जास्त नटली होती. हंबीरराव उंचपुरे, आवाज असा की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले. वडगावची दोन-चार माणसं आली होती. त्यातल्या एकाने अंगठी बघून म्हटलंच, “ह्यो हिरा काळपट कसा वो?” मी तोंड उघडणार तेवढ्यात हंबीरराव म्हणाले, “पावणं, पांढरा तुमच्या कारभारणीच्या बोटात हाय, आन् तसलाच शेजारणीच्या बी. ह्यो एकच हाय. नीट बघा, परत दिसायचा न्हाय.” आणि बाईंनी हात त्याच्या नाकापुढे नेला. केस मोकळे, अर्धे पांढरे, वर अबोलीचा गजरा. काय रुबाब होता म्हणून सांगू!

मग तुझं पाकीट दिलं. हंबीररावांनी तिथेच फोडलं. आत तुझं कार्ड. त्यांना हळू वाचता येत नाही. सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं वाचलं: “हिरा एक, करडा, सहा कोपऱ्यांचा, बेचाळीस सेंट. जडाई: गौस शिकलगार, मंगळवार पेठ, कोल्हापूर.” एक कारकून उठून म्हणाला, “शिकलगार कोण?” मामी माझ्या आधी म्हणाली, “हे काय, आमचं हे!”

सबिना, माझ्या हातातून किती दागिने गेले याचा हिशेब नाही. ते कुणाकुणाच्या गळ्यात आहेत, कुणाच्या बोटात, मला माहीत नाही आणि त्यांनाही मी माहीत नाही. डब्यांवर दुकानाचं नाव असतं, ते बरोबरच आहे, त्याचं मला कधी वाईट वाटलं असं मी समजत नव्हतो. पण त्या कचेरीत स्वतःचं नाव दागिन्याबरोबर मोठ्याने ऐकलं आणि मला कळलं की मी ते ऐकायची वाट बघत होतो.

पांढरा खडा परत डब्यात ठेवला. तुला नको तर नको. मामी म्हणते, मला चालेल, मला डाग नकोत.

त्या पुण्याच्या वर्कशॉपवाल्यांना सांग, खडे फोडू नका, इकडे या. चीर कशी शोधायची ते दाखवतो. एका दिवसात येत नाही, चार दिवस राहावं लागेल, जेवणाचं मामी बघेल.

आणि पुढचा खडा लवकर पाठव, हात गरम आहे तोवर. चिठ्ठी विसरू नकोस. मागच्या चिठ्ठीत लिहिलं होतंस, ‘घेणार मामू’. या वेळी पूर्ण नाव लिही.

गौस शिकलगार